सर पाणी प्यायला गेले

आमच्याकडे येण्याआधी सरांनी सहा क्लब सोडले होते. मैदानाबाहेरचा चहावाला चाचा आठ सांगायचा. तो स्वतः कुवेतमधल्या तीन नोकऱ्या सोडून पनवेलला परत आलेला, त्यामुळे सोडून जाणाऱ्या माणसांबद्दल त्याला आपुलकी होती. ‘‘पायाला भिंगरी आहे त्यांच्या, और कुछ नहीं,’’ असं तो म्हणायचा. बाकीचे लोक इतके दयाळू नव्हते. फुटबॉलचा कोच क्लब सोडतो तो पैशासाठी नाहीतर भांडणापायी, हे सगळ्यांना पाठ होतं. सरांच्या बाबतीत दोन्ही जमेना, म्हणून लोकांनी त्यांना सरळ पळपुटा ठरवून टाकलं.

शिवाय जाताना ते कारणं द्यायचे ती अशी. एका क्लबात म्हणे पाण्याला वास येत होता. दुसरीकडे गोलपोस्ट वाकडा होता. तिसऱ्या ठिकाणी सेक्रेटरीचा कुत्रा त्यांच्याकडे बघून भुंकत नव्हता, नुसता बघत बसायचा, ते त्यांना बरं वाटेना. आणि प्रत्येक वेळी जायचे ते टीम चांगली खेळायला लागली की. हरत असताना एकदाही गेले नाहीत.

सर मूळचे मोऱ्याचे. उरणच्या पुढे जिथून मुंबईची लाँच सुटते ते मोरा. घर मच्छीमारांचं, सगळे भाऊ होडीवर. हे एकटे जमिनीवर. ‘‘मला दर्याचं भ्या वाटतं म्हनून मी फुटबॉल खेललो,’’ असं ते पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून मोकळे झाले. सोळा-सतरा पोरांसमोर एक पन्नाशीचा माणूस, काळा, आडवा, पोटऱ्या लाकडाच्या ओंडक्यासारख्या, आणि म्हणतो काय, तर मला भीती वाटते. आम्ही एकमेकांना कोपरं मारून हसलो. मी जरा कमी हसलो, कारण मी मुळात भित्रा. मला पालीपासून ते गणिताच्या बाईंपर्यंत सगळ्यांची भीती वाटायची. मोठ्या माणसाने असं उघड बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

हा काळ म्हणजे एक्स्प्रेस वे होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि सुकापूरला जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगी उठत होत्या. त्यातल्या तीन आमच्या क्लबच्या अध्यक्षांच्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांच्या जाहिरातीच्या बोर्डावर आमच्या टीमचा फोटो असायचा. क्लबचा खरा कारभार सेक्रेटरीकाका बघायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुठलंही काम सांगा, ‘‘होऊन जाईल,’’ हे उत्तर. त्यांचं ते ‘होऊन जाईल’ ऐकलं की आईला धीर यायचा. आज ते दोन शब्द कुणी बोललं तरी मी विषय बदलतो.

सरांच्या खांद्याला निळी रेक्झिनची बॅग. ती ते कधीच खाली ठेवत नसत. शिट्टी वाजवताना, पोरांना पास कसा द्यायचा ते दाखवताना, चहा पिताना, बॅग खांद्यालाच. क्लबच्या पत्र्याच्या खोलीत खिळे होते, खुर्च्या होत्या, पण नाही. आम्ही म्हणायचो, सरांची बॅग झोपतानाही अंगावरच असणार. रोज सकाळी आमच्या आधी येऊन ते चपला काढून अख्खं मैदान अनवाणी फिरायचे, खडे-काचा वेचून खिशात टाकायचे. आणि आम्ही गोल मारला की पाठ फिरवायचे. पोरं नाचतायत, अध्यक्ष टाळ्या वाजवतायत, आणि सर गोलकडे पाठ करून उभे. ‘‘आता काय तरी होनार,’’ असं पुटपुटायचे. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. तरी आम्हालाही हळूहळू ती सवय लागली, गोल झाला की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग आनंद.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. प्रॅक्टिस सुरू होण्याआधी टीममधल्या सगळ्यात मोठ्या पोराने सगळ्यात लहान पोराला खांद्यावर घेऊन मैदानाला एक चक्कर मारायची. मोठा मी. लहान म्हणजे आम्ही ज्याला चिंगळ्या म्हणायचो तो, चिंगळी म्हणजे बारकी कोळंबी, तेवढाच, गुडघे सोललेले. तो माझ्या केसांना धरून बसायचा आणि वरून सगळ्यांना वेडावून दाखवायचा. ‘‘त्याचं वजन ध्यानात ठेव,’’ सर मला रोज सांगायचे. ‘‘तू धडकशील तवा समोर एवढाच जीव असतो. इसरू नको.’’ मला वाटायचं, पायांचा व्यायाम आहे.

पण सरांच्या ज्या सवयीने माझी झोप उडवली ती वेगळीच. नवीन पोरगा आला की ते त्याची जन्मतारीख विचारत नसत. त्यांच्या स्वतःच्या घरात सात भावंडं, आणि एकाचीही तारीख कुणाला ठाऊक नव्हती. एक झाला तेव्हा मोठी होडी फुटली होती, एक झाली तेव्हा आजा गेला होता, सर स्वतः झाले तेव्हा म्हणे बोंबील इतके आले होते की वाळत घालायला जागा पुरेना. त्यामुळे तारखेवर त्यांचा विश्वासच नव्हता. ते विचारायचे, ‘‘तू झाला तवा काय झालतं? तुजी आय काय सांगते?’’ आणि पोरगा जे सांगेल ते एका वहीत त्याच्या नावापुढे लिहायचे. चिंगळ्यापुढे लिहिलं होतं, बापाने रिक्षा घेतली. गोलकीपरपुढे, मामाचं लग्न मोडलं.

मी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने सांगितलं होतं. आमच्या आळीतल्या विहिरीत एक गाय पडली होती, तिला काढायला अख्खी आळी लोटली. त्यानंतर लोकांनी वर्गणी काढून विहिरीला लोखंडी जाळी बसवली. जाळी बसली त्याच आठवड्यात मी झालो. आई पहिल्यांदा मला बाहेर घेऊन आली ती विहिरीची पूजा करायला, तर कठड्याचं सिमेंट अजून ओलं होतं. सरांना ही गोष्ट फार आवडली. ‘‘गाय वाचली का?’’ त्यांनी विचारलं. वाचली म्हणालो. त्यांनी ते पण लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी पंधरा वर्षांखालच्या मुलांची जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली. तिथून निवडलेल्या पोरांना क्रीडा वसतिगृहात घेणार, राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट, पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी. मला तेव्हा सोळा पूर्ण झाली होती. म्हणजे विषयच संपला होता. पण एका संध्याकाळी सेक्रेटरीकाका घरी आले. बाबांची तळोज्याची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं आणि ते दिवसभर पेपर वाचत बसायचे, आदल्या दिवशीचासुद्धा. काकांनी पोह्यांची बशी संपवली आणि म्हणाले, ‘‘याचा जन्मदाखला मी नवीन करून आणतो. दोन वर्षं इकडची तिकडे. होऊन जाईल.’’

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘‘कुणाच्या लक्षात नाही ना येणार?’’ एवढंच विचारलं.

‘‘कागदाला कोण विचारतंय, भाऊ? सगळेच करतात.’’

चार दिवसांत दाखला आला. कुठून आला ते मला आजही माहीत नाही. त्यावर माझं नाव, आईचं नाव, सगळं बरोबर, फक्त मी दोन वर्षांनी जन्मलो होतो. काकांनी मला न्हाव्याकडे पाठवून ओठावरची लव काढवून घेतली आणि नवी तारीख पाठ करून घेतली. मी आंघोळ करताना, सायकल चालवताना ती म्हणायचो. घर खूश होतं. आईने शेजारी सांगूनही टाकलं की आमचा होस्टेलला जाणार.

आणि मग एका रात्री जेवताना मला ती वही आठवली. हातातला घास हातातच राहिला. जाळी बसली त्या आठवड्यात झाला, असं सरांच्या हाताने लिहिलेलं. त्याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या विहिरीच्या कठड्यावर गवंड्याने ओल्या सिमेंटात खिळ्याने साल कोरून ठेवलं होतं. चार आकडे, वीतभर उंच. आळीत येणारा-जाणारा कुणीही वाचू शकत होता.

त्यानंतर मी सरांसमोर नीट उभा राहू शकलो नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ते कुणाशीही बोलले तरी मला वाटायचं, माझंच चाललंय. बॅगेत हात घातला की वाटायचं, वही काढतायत. एकदा त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुजी ती विहीर कुठल्या आलीत हाय रं?’’ माझी पाचावर धारण बसली. मी खोटी आळी सांगितली. घरी येऊन उलटी केली. आईला वाटलं, ऊन लागलं.

मे महिना होता. दुपारी दोन वाजता आळीत चिटपाखरू नसायचं, माणसं पंखे लावून झोपलेली. मी बाबांच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि विहिरीवर गेलो. माझा बेत साधा होता, शेवटचा आकडा खरवडून टाकायचा. पण जुनं सिमेंट दगडासारखं झालेलं. घामाने हात सटकत होता, आणि जाळीखालून माझ्याच खरवडण्याचा आवाज घुमून वर येत होता. दहा मिनिटांत आकड्याची एक कड गेली. आता तो आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरत होता.

‘‘हात कापशील,’’ मागून आवाज आला.

सर उभे होते. बॅग खांद्याला, चपला हातात. विचारत विचारत आले असणार. माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला तो जाळीतून थेट पाण्यात.

ते कठड्यावर बसले. तळहाताने सिमेंटची पूड झटकली, बोट चारी आकड्यांवरून सावकाश फिरवत गेले. मला ओरडले असते, कानफटात मारली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. त्यांनी जाळीतून खाली बघितलं आणि विचारलं, ‘‘पानी गोडं हाय का?’’

‘‘हो सर.’’

‘‘कोनाला भितोस? मला?’’

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही.

‘‘मला नको भिऊ. मी तुज्याहून जास्त भितो,’’ ते म्हणाले. मग चपला पायात घातल्या आणि गेले. मी तिथेच बसून राहिलो. समोरच्या काकू उठून बाहेर आल्या आणि विचारायला लागल्या, हे साल कुणी खरवडलं रे, मेल्यांना काही कामधंदा नाही. मी म्हणालो, मला काय माहीत.

त्यानंतर आठ दिवस सरांनी तो विषय काढला नाही. रोज मैदान अनवाणी फिरले, रोज मला चिंगळ्याला खांद्यावर घ्यायला लावलं. न बोलणारा माणूस किती घाबरवू शकतो हे मी त्या आठ दिवसांत शिकलो. सांगतील का? कधी सांगतील? सांगितलं तर माझ्यावर बंदी येणार, क्लब बाद होणार, बाबा परत तो पेपर घेऊन बसणार. आणि नाही सांगितलं तर ते खोट्यात सामील. कारण प्रत्येक पोराच्या फॉर्मवर कोचची सही लागायची. त्याखाली छापलेलं असायचं, खेळाडूच्या वयाची मी स्वतः खात्री केली आहे.

फॉर्म भरायचा दिवस आला. संध्याकाळची प्रॅक्टिस संपवून आम्ही पत्र्याच्या खोलीत रांगेत उभे. टेबलाच्या एका बाजूला सेक्रेटरीकाका, दुसऱ्या बाजूला सर, मांडीवर ती वही उघडी. काका एकेक फॉर्म पुढे सरकवत होते. सर वहीत बघायचे, पोराकडे बघायचे, आणि लहान मुलाच्या अक्षरात सावकाश सही करायचे. चिंगळ्याची झाली. गोलकीपरची झाली. पंखा नव्हता, पत्रा तापलेला, सगळ्यांच्या अंगाला घामाचा वास. माझा फॉर्म पुढे आला तेव्हा मला ऐकूच येईनासं झालं, नुसते काकांचे ओठ हलताना दिसत होते.

सरांनी फॉर्म वाचला. परत वाचला. वहीत बघितलं नाही. पेनाला टोपण लावलं.

‘‘पानी पिऊन येतो,’’ ते म्हणाले आणि उठले.

बॅग खांद्यालाच होती, नेहमीसारखी, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. आम्ही थांबलो. काकांचा चहा गार झाला. पंधरा मिनिटांनी काकांनी नेमकं मलाच पाठवलं, ‘‘बघ रे, कुठे राहिले.’’ नळावर कुणी नव्हतं. चाचा म्हणाला, आत्ताच सहा-सीटर रिक्षात बसले, स्टँडकडे गेले. मी तिथे उभा राहिलो आणि मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. 

दुसऱ्या दिवशी त्यांचा काकांना फोन आला म्हणे. मैदानाला उतार आहे, असल्या मैदानावर मी शिकवू शकत नाही. काका हसत हसत सगळ्यांना सांगत होते, ‘‘पळाला. मी सांगितलंच होतं. कोच काय, शंभर मिळतील.’’ आणि माझ्या फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या खिशातल्या पेनाने सही ठोकली. होऊन गेलं.

आनंद एक दिवस टिकला. रविवारी पहिली मॅच, आणि शनिवारी सकाळी मी आईला क्लासला जातो सांगून उरणची एसटी धरली. का गेलो? आभार मानायला गेलो असं वाटत होतं. मोऱ्याच्या धक्क्यावर पोचलो तर सर लाँचमधून उतरणाऱ्या माणसांना हात देत होते. ओहोटी होती, लाँच खाली गेलेली, आणि पायऱ्या शेवाळलेल्या. ‘‘भ्या, जरा भ्या,’’ ते प्रत्येकाला सांगत होते. ‘‘पाय बगून टाका. भ्यायला काय पैसे पडत नाय.’’ बायका हसत होत्या, पण पाय बघून टाकत होत्या.

मला बघून त्यांचा चेहरा उतरला. तिथेच धक्क्यावर बसलो. त्यांनी चहा आणि खारी मागवली.

‘‘सर, थँक्यू,’’ मी म्हणालो. ‘‘तुम्ही माझ्यासाठी...’’

‘‘तुज्यासाठी नाय,’’ त्यांनी मला मध्येच तोडलं. ‘‘माज्यासाठी. गैरसमज नको करून घेऊ.’’

मग त्यांनी सांगितलं. फार बोलणारा माणूस नव्हता, समुद्राकडे बघत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहिल्या क्लबात त्यांनी अशाच एका फॉर्मवर सही केली होती. पोरगा अठराचा, कागदावर चौदाचा. दुसऱ्याच मॅचला तो समोरच्या टीमच्या एका तेरा वर्षांच्या पोरावर जाऊन आदळला. पाय दोन ठिकाणी मोडला. ‘‘मी उचललं त्याला. काय वजनच नाय रं. अजून तसाच चालतो तो, लंगडत.’’ दुसऱ्या क्लबात असाच पोरगा निघाला तेव्हा त्यांनी जाऊन सांगून टाकलं. त्याच्यावर बंदी आली. बापाने त्याला मैदानातच पट्ट्याने मारलं, सगळ्यांसमोर. पोरगा घर सोडून गेला तो परत आला नाही.

‘‘सही केली तवा एक पोर गेला,’’ सर म्हणाले. ‘‘सांगितलं तवा दुसरा गेला. मंग तिसऱ्या येलेपासून मीच जातो.’’

‘‘सगळ्या क्लबात हेच झालं?’’

‘‘सगल्या क्लबात तुज्यासारखा एकतरी असतो.’’

मला एकदम राग आला. आजही तो राग गेलेला नाही. तुम्ही जाता, पण तो पोरगा तिथेच राहतो ना? सही दुसरा कुणीतरी करतोच की. मी विचारलं, ‘‘मग उद्या मी काय करू?’’

त्यांनी खारीचे कण शर्टावरून झटकले.

‘‘मला काय इचारतोस,’’ शेवटी म्हणाले. ‘‘मी पलून आलोय.’’

पन्नास वर्षांचा माणूस सोळा वर्षांच्या पोराला हे सांगतो. त्यांनी मला एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी हलताना म्हणाले, ‘‘बारक्या पोरांच्या अंगावर जाऊ नको.’’  येताना पूर्ण रस्ता कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या आणि मी प्रत्येक वेळी गाडी थांबली की ठरवत होतो, उद्या खरं सांगायचं. गाडी सुटली की वाटायचं, नको.

मॅच पळस्प्याच्या बाजूला एका मैदानावर होती, भोवती तारेचं कुंपण. टेबलामागे स्पर्धेचे एक निरीक्षक बसले होते, पिकल्या केसांचे, चष्मा दोरीला बांधलेला. एकेकाला बोलवून फॉर्म तपासत होते. बाबा आलेले. इस्त्रीचा शर्ट घालून, वर्षभरात पहिल्यांदा. माझी पाळी आली.

‘‘जन्मतारीख सांग, बाळ.’’

मी मान वर केली आणि कुंपणापलीकडे मला सर दिसले. एक हात तारेत अडकवलेला. आमच्यात वीस पावलं असतील नसतील. ते थेट माझ्याकडे बघत होते आणि मला कळलं की ते बोलायला आले आहेत. सात क्लब सोडलेला माणूस पहिल्यांदा परत आला होता. त्यांचं तोंड उघडलेलंसुद्धा मी बघितलं. बोला, असं मी मनात म्हणालो. बोलून टाका एकदाचं, मला नाही जमणार. आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती की हे बोलतील, बोलतील आता.

त्यांनी तोंड मिटलं.

मी तारीख सांगितली. न अडखळता, पाठ केलेली. ‘‘म्हणजे चौदा,’’ निरीक्षक म्हणाले. ‘‘अंगाने चांगला आहेस हो.’’ त्यांनी खूण केली. मी पुन्हा बघितलं तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हतं.

आम्ही जिंकलो. मी एकाही पोराच्या अंगावर गेलो नाही, पूर्ण वेळ समोरच्यांचे बारके पाय बघत खेळलो. लोकांना वाटलं, काय स्वच्छ खेळतो. माझी निवड झाली. होस्टेल झालं, खेळाच्या कोट्यातून नोकरी झाली. माझ्या जागेवर ज्याची निवड व्हायची होती त्या चिंगळ्याने दहावीनंतर फुटबॉल सोडला. त्याचं आता मोबाइलचं दुकान आहे, मला गिऱ्हाईक म्हणून मान देतो. आणि मी चांगला कमावता झालो तरी कामावर कधी साहेबांनी बोलावलं, कुणी म्हटलं तुमची सर्व्हिस फाइल काढलीय, की मी मनातल्या मनात ती पाठ केलेली तारीख म्हणायला लागतो. बायकोलाही मी माझा कागदावरचाच वाढदिवस सांगितला आहे. ती दर वर्षी त्या दिवशी केक आणते. मी कापतो.

सर गेले ते त्या मॅचनंतर सोळा-एक वर्षांनी. तोवर आणखी दोन-तीन क्लब सोडून झाले होते. आमच्या क्लबने शोकसभा ठेवली, आणि मला बोलवलं, कारण सरांच्या पोरांमध्ये नाव काढलेला मीच. सेक्रेटरीकाका आता अध्यक्ष झालेत. एकेक जण माइकवर येऊन सरांच्या पळून जाण्याचे किस्से सांगत होता, पाण्याचा वास, वाकडा गोलपोस्ट, तो कुत्रा. लोक हसत होते, प्रेमाने हसत होते. पहिल्या रांगेत मोऱ्याहून आलेली त्यांची म्हातारी बहीण बसली होती, हिरवं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. ती हसत नव्हती.

मी उभा राहिलो. चिंगळ्याने खालून विचारलं, ‘‘तू तर त्यांच्या फार जवळचा होतास. आपला क्लब का सोडला रे त्यांनी?’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकाही बघत होते, चेहरा अगदी शांत. उत्तर माझ्याकडे होतं. जगात एकट्या माझ्याकडेच होतं.

‘‘सर जरा लहरी होते,’’ मी म्हणालो. लोक हसले, टाळ्या वाजल्या, मी खाली बसलो.

सभा संपल्यावर म्हातारी माझी वाट अडवून उभी राहिली. ‘‘बाबा, तू शिकलेला हायस, तू सांग,’’ ती म्हणाली. ‘‘आमचा भाऊ खरंच पलपुटा होता काय रं? सगले तसंच बोलतात. मला काय ते समजत नाय.’’

‘‘नाही मावशी, तसं नाही,’’ मी म्हणालो.

ती पुढचं ऐकायला थांबली. बराच वेळ थांबली. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, उशीर होतोय, आणि गाडीची किल्ली काढली.

म्हणून मी हे लिहायला बसलो, आणि लिहितानाही काय केलं बघा. सरांचं नाव कुठेही घातलेलं नाही. माझं नाही, क्लबचं नाही. दोन-चार खुणा मुद्दाम फिरवल्या आहेत. त्या म्हातारीला कुणी हे वाचून दाखवलं तरी हा आपलाच भाऊ, हे तिला कळू नये, इतकी काळजी मी घेतली आहे. तिला कळलं तर मीही कळणार. माझ्या नोकरीची अजून सव्वीस वर्षं राहिली आहेत. कागदावर अठ्ठावीस.